मुंबईच्या पत्त्याचं झिंक

मी मुंबईला गेले ती भांडायला गेले. समुद्र, राणीचा बाग, देवळं यांतलं काही पाहिलं नाही, तेव्हा ते कसं आहे असं मला कोणी विचारू नये. आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी प्रवासाचं काहीतरी लिहा, असं मास्तर म्हणाले, तेव्हा मी त्यांना हे आधीच सांगितलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण राग नीट लिहायला चौथी पुरते.

कशासाठी गेले ते आधी सांगते. कालव्याचं पाणी सगळीकडे सारखं बसावं म्हणून आम्ही वावर सपाट करून घेतलं. उंचावरची काळी माती खोलगटात गेली आणि उंचावर खालची पांढुरकी उघडी पडली. तेव्हापासून तिथला गहू बिघडला. रोप जरा वर आलं की मधल्या पानांवर फिकट पट्टा उठतो, पट्टा तपकिरी होतो आणि पान तिथेच मोडून लोंबतं. कृषी सहायक फटफटीवर आला, बसल्या बसल्याच पान चिमटीत धरलं, जमिनीत जस्त कमी आहे, झिंक घाला म्हणाला, आणि फटफट करत गेला. आम्ही पेठेतल्या पोपटशेठच्या दुकानातून झिंक आणलं. चकचकीत पाकीट, वर हिरवी ओंबी, आत पांढरे खडे. यंदा पेरणीला घातलं. गहू होता तसाच मोडायला लागला.

"आई, हे वावर गव्हाचं राहिलं नाही," माझा मुलगा मुरली म्हणाला. "आहे तो हिरवाच कापून गुरांना घालू आणि द्राक्षं लावू. सगळे लावतायत."

"झिंक घातलं ना?"

"घातलं. लागू पडलं नाही. म्हणजे जमीनच गेली."

बागेच्या आखणीसाठी त्याने बाभळीच्या खुंट्या तासून ओट्यावर रचल्यासुद्धा होत्या. मला द्राक्षांचं वाकडं नाही. पण द्राक्षं खाऊन कोणी जेवून उठत नाही, आणि आपल्या घरात विकतचा गहू आलेला मी अजून पाहिलेला नाही, मला पाहायचाही नाही. मी पाकीट उलटं केलं. मागे पत्ता होता, मुलुंडचा, गाळ्याच्या नंबरासकट.

"मी जाऊन विचारून येते," मी म्हटलं. "मी येईपर्यंत गव्हाला विळा लावायचा नाही."

मुरली हसला. पण थांबतो म्हणाला.

चेकनाका

एसटीने मला मुलुंडच्या चेकनाक्यावर उतरवलं. पिशवीत उरलेलं अर्धं पाकीट, ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन रोपं मुळासकट, आणि एका थैलीत वावरातली माती. माती तपासतात असं मी ऐकलं होतं, आणि मुंबईत सगळं तपासतात असंही ऐकलं होतं.

माझी भाची शालन यायला उशीर झाला. तोवर मी उभी राहिले. ट्रकांची रांग लागली होती आणि रांगेच्या कडेला माणसं पावात बटाटवडा घालून उभ्याने खात होती. मीही घेतला. वडा चांगला होता, तिखटजाळ. पाव म्हणजे काय ते मात्र मला उमगलं नाही. गव्हाचाच म्हणतात, पण त्याला गव्हाचा वास नाही, चव नाही, दाताखाली काही लागत नाही. गव्हाचं एवढं काय चुकलं की त्याचं हे करावं, असं मी विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आजी, साईडला व्हा, पाठी लाईन आहे."

भांडुप

शालन भांडुपला टेकडीच्या उतारावर राहते. तिचा नवरा गिरणी बंद पडल्यापासून रिक्षा चालवतो. घरं एकावर एक रचल्यासारखी, एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. नळाला पाणी पहाटे येतं आणि अंग पुसायच्या आत जातं. हंडे भरताना बायका जे बोलतात ते आमच्याकडे भांडणात बोलतात, पण इथे त्यात राग नसतो. पाणी गेलं की त्याच बायका एकमेकींच्या पोरांच्या वेण्या घालतात.

शालनने जेवायला पोळ्या केल्या. रेशनच्या गव्हाच्या. तांबूस, चामट, वासाला कोंदट.

"हे काय खाता गं तुम्ही?"

"आत्या, सगळे हेच खातात. तू आणलास का गहू?"

"गहू वाचला तर आणीन," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निघताना पाहते तर मातीची थैली रिकामी. शेजारच्या राणेबाई दारात उभ्या होत्या. मालवणकडच्या, माझ्याच वयाच्या. त्यांच्या उंबऱ्याशी तेलाच्या डब्यात मिरचीचं रोप होतं आणि त्यात माझं वावर होतं.

"ती माती होय? ती मी मिरचेक घातलंय," राणेबाई म्हणाल्या. "शालन म्हणाली आत्येन गावची माती आणल्यान. माका वाटला, आमका आणल्यान."

"तपासायला आणली होती ती."

"मगे आता मिरचीच काय ता तपासून सांगतली."

एवढ्या लांबून मी माती वाहून आणली आणि या बाईने ती डब्यात ओतली. शालन मधे पडली, म्हणाली, इथे चांगली माती कुठे मिळते गं आत्या, कुंडीपुरती लागली तरी विकत आणावी लागते. माती विकत आणतात हे ऐकून मी रिकामी थैली घडी करून पिशवीत ठेवली.

राणेबाईंनी पदर खोचला. "मुलुंडाक जातंस ना? चल, मी येतंय. एकटी गेलंस तर फसवतले. आणि माका भांडाक आवडता."

मुलुंड

बसने गेलो. वाटेत राणेबाई मला कारखाने दाखवत होत्या, कोणता चालू, कोणता बंद, कोणत्यात कोण कामाला होतं. मी मनातल्या मनात बोलायचं जुळवत होते. खताचा कारखाना म्हणजे मोठं फाटक असेल, पहारेकरी असेल, आत साहेब असेल, साहेबाच्या टेबलावर रोप ठेवायचं आणि विचारायचं, हे काय आहे.

पत्ता विचारत विचारत पोचलो. नंबर बरोबर, गल्ली बरोबर. गाळ्यावर पाटी होती पिठाच्या गिरणीची.

आत पट्टा फटफटत होता. डब्यांची रांग लागली होती, प्रत्येक डब्यावर खडूने नाव. गिरणीवाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, नुसते डोळे काळे.

"कुठंय गहू?" त्याने ओरडून विचारलं.

"गहू शेतात आहे आणि मरतोय," मीही ओरडून म्हटलं, आणि पाकीट त्याच्यासमोर धरलं.

त्याने गिरणी बंद केली. पाकीट हातात घेतलंसुद्धा नाही. लांबूनच पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कपाळावर पंजा उमटला.

"परत आलं हे. आजी, इथे पीठ मिळतं, खत नाही. तुम्ही पहिल्या नाही. दिवाळीआधी जालन्याकडचे बाप-लेक आले होते. त्यांनी तर माझी गचांडीच धरली. गिऱ्हाइकांसमोर माझी वाट लावली यार त्या माणसाने."

"कोणत्या माणसाने?"

"पत्ता माझा, माल माझा नाही. तुम्ही बसा आधी." त्याने आम्हाला दोन डबे पालथे घालून दिले. त्याचं नाव दत्ताराम. चहा मागवला, तो इतक्या लहान पेल्यात आला की मला वाटलं चाखायला दिलाय. राणेबाई म्हणाल्या, कटिंग म्हणतात, एवढाच असतो.

दत्ताराम सांगू लागला. "वर पोटमाळा आहे ना, तिथे एक भाडोत्री होता. सुभाष. पिशव्या छापायच्या कारखान्यात कामाला. ही पाकिटं छापून आणायचा, गठ्ठेच्या गठ्ठे, आणि एसटीत चढवून द्यायचा. मी म्हटलं, बाबा यावर माझा पत्ता का? तर म्हणतो, मुंबईचा पत्ता असला की गावाकडे माल खपतो, तुम्हाला काय त्रास आहे. मला कळेपर्यंत खोली सोडून पसार."

"पाकिटं भरायची कुठे?" मी विचारलं.

"इथे नाही भरत होता. इथून रिकामी जायची, आजी. भरत असतील तिकडेच."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"तुमच्याच बाजूला. दाजींचं खताचं दुकान आहे म्हणायचा. काय बरं नाव, पक्ष्याचं नाव होतं."

"पोपट," मी म्हटलं.

"हां. पोपटशेठ."

राणेबाई चहा प्यायच्या थांबल्या. या सुभाषच्या बहिणीचं पोपटशी लग्न झालं तेव्हा तिच्या रुखवताचे लाडू मी वळले होते. गहू माझ्या घरचा होता. ज्याच्या बायकोच्या रुखवताला माझा गहू, तो माणूस माझ्या पेठेत, माझ्या देखत, तराजूपाशी बसून मला मावशी म्हणतो आणि हे देतो, आणि त्याचा जाब विचारायला मी एका पीठवाल्याच्या दारात मुंबईला आले.

"पुरावा आहे का काही?" राणेबाईंनी विचारलं. त्यांना भांडायला मिळालं नव्हतं, म्हणून त्या दत्तारामवर जरा नाराज होत्या.

दत्ताराम हसला. "आहे ना. गिरणीच्या पायाखाली आहे. जाताना एक गठ्ठा विसरला तो. गिरणी हलायची, मी पायाखाली घातला. झकास बसलीय तेव्हापासून."

त्याने पहार लावून गिरणी उचलली आणि गठ्ठ्यातली मूठभर पाकिटं ओढून मला दिली. कोरी करकरीत, रिकामी, वर तीच हिरवी ओंबी. उरलेला गठ्ठा त्याने परत पायाखाली सारला. खताच्या या पाकिटांचा गव्हाला झालेला उपयोग म्हणाल तर तो एवढाच, की त्यांच्यावर उभी असलेली गिरणी हलत नाही.

पुन्हा भांडुप

भरतो तिकडेच, हे कळलं. पण भरतो काय? मला अजून वाटत होतं, माणूस पाकीट खोटं करील, आत काहीतरी खरं घालील.

समोरच्या चाळीत सुजाता म्हणून मुलगी राहते. तिचे आजी-आजोबा परभणीकडून आलेले, वडील महापालिकेत. ती अंधेरीला औषधांच्या कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. शालनने तिला आदल्या दिवशीच पाकीट दाखवलं होतं. ती संध्याकाळी आली ती एका पुडीत खरं झिंक आणि एका बाटलीत कॉस्टिक घेऊन.

"आत्या, दोन काचेचे पेले द्या. आणि बाटलीला हात लावू नका, कातडी जाईल."

एका पेल्यात तिने खरं विरघळवलं, दुसऱ्यात माझं. दोन्ही पाणी सारखंच स्वच्छ. मग बाटलीतलं थोडं थोडं घातलं. दोन्ही पेले भाताच्या पेजेसारखे पांढरे झाले. मला बरं वाटलं. म्हटलं, सारखंच आहे की.

"थांबा," ती म्हणाली, आणि आणखी घातलं. खऱ्याचा पेला बघता बघता निवळला, पार तळ दिसला. माझा पांढराच राहिला. तिने आणखी घातलं, ढवळलं. पांढराच.

"हे झिंक नाही. मॅग्नेशियम आहे. मेडिकलमध्ये मिळतं ते, जुलाबाचं मीठ."

राणेबाई भिंतीला टेकून हसायला लागल्या. "गव्हाक जुलाब दिल्यान गो."

"माझ्या गव्हाचं पोट साफ होतं," मी म्हटलं. मला हसू आलं नाही.

सुजाताने मग विचारलं, पेरताना याच्याबरोबर आणखी काय घातलं होतं. मी म्हटलं, डीएपी, ते दाणेदार खत. आमच्याकडे सगळेच घमेल्यात एकत्र कालवतात आणि पाभरीने एकदाच पेरतात, दोनदा वावर कशाला फिरायचं.

"मग खरं असतं तरी वाया गेलं असतं," ती म्हणाली. "जस्त आणि डीएपीतलं स्फुरद एकमेकांना धरून बसतात, आत्या. घट्ट गाळ होतो. मुळाला तो ओढता येत नाही. असून नसल्यासारखं."

फटफटीवरचा तो सहायक मला आठवला. झिंक घाला म्हणाला. कशात घालू नका हे सांगायला त्याला गाडीवरून उतरावं लागलं असतं.

"पण त्याचा एक फायदा आहे," सुजाता म्हणाली. "घरी तुम्हाला कॉस्टिक नको. डीएपीचं पाणी गाळून घ्या, त्यात झिंकचं पाणी ओता. खरं असेल तर दूध नासल्यासारखं फाटेल. हे ओतलंत तर लगेच काही होणार नाही."

रात्री राणेबाईंनी बांगड्याचं तिखलं आणि भात पाठवला. आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा, तोही कधीतरी. काटे काढता काढता भात निवला. पण चव मात्र अजून जिभेवर आहे, एवढं मान्य करते. भात तीन वेळा वाढून घेतला. पोळीला हात लावला नाही.

घाटकोपर

दुसऱ्या दिवशी राणेबाई आणि मी घाटकोपरला रसायनांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. सुजाताने पत्ता दिला होता आणि बाटलीत उरलेलं कॉस्टिकही. व्यापारी गुजराती, पांढऱ्या गादीवर बसलेला.

"झिंक सल्फेट? कशाला पायजे, रंगकामाला?"

"गव्हाला. पण आधी पेल्यात बघणार."

मी पिशवीतून पेला काढला. राणेबाईंनी बाटली धरली. व्यापाऱ्याच्या गुमास्त्याने तोंड फिरवलं, पण व्यापारी पुढे वाकून बघत बसला. पाणी पांढरं झालं आणि निवळलं.

"माजी," तो म्हणाला, "असा पेला घेऊन माझ्याकडे कोणी आला नाय."

"यायला पाहिजे होते," मी म्हटलं. त्याला राग आला नाही. माल खरा असला की माणसाला राग येत नाही, हे मी तिथे पाहिलं.

निघताना राणेबाई चेकनाक्यापर्यंत आल्या. बस हलली तेव्हा म्हणाल्या, "त्या पोपटाक सोडू नको गो. आणि पुढच्या वेळेक दोन थैले माती घेवन ये."

आमची पेठ

मी बाजाराच्या दिवसापर्यंत घरी कोणाला काही बोलले नाही. फक्त ओट्यावरच्या खुंट्या आहेत का आणि गहू उभा आहे का, ते पाहिलं. दोन्ही होतं.

बाजाराच्या दिवशी मुरलीला बरोबर घेतलं. दुकानात गर्दी होती. पोपटशेठ म्हणाला, "या मावशी, कशी काय मुंबई?"

"तुझ्याच डीएपीतलं मूठभर दे," मी म्हटलं. "आणि तुझ्याच माठातलं पाणी."

त्याने हसत दिलं. मी विरघळवलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं, दोन पेल्यांत ओतलं. एकात घाटकोपरचं झिंक पाण्यात करून टाकलं. ते फाटलं, नासल्या दुधासारखं, गोळे गोळे. लोक वाकून बघायला लागले. दुसऱ्यात त्याच्या पाकिटातलं टाकलं. काही झालं नाही. पाणी होतं तसं राहिलं.

"मावशी, मी नुसता विकतो," पोपटशेठ म्हणाला. "माल मुंबईचा. तुम्ही पत्ता वाचला असेल."

"वाचला आणि जाऊन आले," मी म्हटलं, आणि दत्तारामने दिलेली रिकामी पाकिटं त्याच्या गादीवर टाकली. "तिथे पिठाची गिरणी आहे. मुंबईहून एवढंच येतं. सुभाष कसा आहे?"

पोपटशेठ पाकिटं गोळा करून गादीखाली सारायला लागला.

आता लोक काय म्हणाले ते सांगते, कारण हा अंक तेच लोक वाचणार आहेत. एक म्हणाला, म्हातारीने पाण्यात काहीतरी केलं. दुसरा म्हणाला, जाऊ द्या आजी, आपलाच माणूस आहे, अडीनडीला उपयोगी पडतो. आणि एकाने, माझ्या डोळ्यांदेखत, फाटलेला पेला बाजूला सरकवून तेच पाकीट मागितलं, कारण बैलगाडी खोळंबली होती. मी तालुक्याला शेतकी खात्याच्या साहेबांकडेही गेले. साहेब रजेवर होते. परत गेले तेव्हा दौऱ्यावर होते. पोपटशेठचं दुकान चालू आहे. पाकिटावर आता पुण्याचा पत्ता आहे. तुम्ही तो वाचता आणि मान हलवता. आपल्या माणसाने फसवलं तर ते फसवणं नाही, हे तुम्हाला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. मला फसवणारा आपला असला की जास्त राग येतो.

मुरलीने मात्र घरी आल्यावर कृषी सहायकाला गाठलं, या खेपेला फटफटी धरून उभं केलं, आणि सगळं विचारून घेतलं. झिंकच्या पाण्यात चुन्याची निवळी घालायची, नाहीतर पानं जळतात. डीएपीला जवळ येऊ द्यायचं नाही. मुरलीने पाठीवर पंप घेऊन फवारलं, थोडे दिवस जाऊ देऊन परत फवारलं. मोडलेली पानं काही सरळ झाली नाहीत. नवी आली त्यांवर पट्टा उठला नाही. उंचावरचा गहू खोलगटातल्यापेक्षा ठेंगणाच राहिला, पण ओंब्यांवर आला.

त्यानंतर एके दिवशी मुरली विळा घेऊन वावरात गेला. मी ओट्यावरून बघत होते. तो बांधावरचं गवत कापून, भारा घेऊन परत आला. गव्हाला हात लावला नाही. द्राक्षांसाठी तासलेल्या खुंट्या ओट्यावर तशाच पडून होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बंबात घातल्या. बाभूळ चांगली जळते. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या तरी पाणी गरम होतं.